शुक्रवारच्या वह्या

अंबुजाक्कांच्या वाचनालयातून पुस्तक नेणं सोपं होतं, परत करणं महाकठीण. आपण पुस्तक पुढे करावं, तर अक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसायच्या. आपला हात तसाच हवेत. मग म्हणायच्या, "सांग." काय सांगायचं? तर ह्या पुस्तकानं तुझं काय केलं ते. ते सांगितल्याशिवाय पुस्तक परत घ्यायचं नाही, आणि जुनं आल्याशिवाय नवं द्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

मला तंजावूरला येऊन तेव्हा पुरता आठवडाही झाला नव्हता. नव्वदीची सुरुवात होती, गावोगाव नवी टेलिफोन एक्स्चेंजं बसत होती, आणि माझा नवरा त्या खात्यातला. त्यामुळे नाशिकहून उचलून आम्हाला थेट कावेरीकाठी आणून टाकलं होतं. मी मराठीची एम.ए., आणि हे समोरच्याला सांगायची एकही संधी न सोडणारी. राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी पुस्तकं मिळतात असं कळल्यावर मी धावतच गेले आणि सगळ्यात जाड, सगळ्यात गाजलेली कादंबरी उचलली. चार दिवसांनी परत द्यायला गेले. "सांग," अक्का म्हणाल्या. मी घसा साफ करून म्हटलं, "उत्तम आहे. भाषा प्रगल्भ आहे."

"तें पुस्तकाचें जाहलें. तुझें काय जाहलें?"

मी चाचरले. मग कंटाळून खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "रोज चौथ्या पानावर झोप लागली."

"हां!" अक्का एकदम खूश. "नव्या गावांत झोंप येत नव्हती ना तुज? मग? उपकार मान त्या पुस्तकाचे." त्यांनी पुस्तक घेतलं, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदावर तमिळ अक्षरांत काहीतरी खरडलं आणि ते थोर पुस्तक उचलून नेऊन ठेवलं कुठे, तर दोन ज्योतिषाची पुस्तकं आणि एक भातशेतीवरचा सरकारी अहवाल ह्यांच्या शेजारी. झोपेची फळी होती ती. साहित्याच्या वतीनं मला भयंकर राग आला.

अक्का तेव्हा साठीच्या आत-बाहेर होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, अंगावर मातकट सुती लुगडं, आणि चष्म्याच्या काड्यांना शिवणाचा दोरा बांधून गळ्यात अडकवलेला. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. यजमान लवकर गेले. मूलबाळ नाही. सासऱ्यांनी घराच्या ओसरीलगतच्या खोलीत वाचनालय काढलं होतं, ते ह्यांनी पदरात घेतलं. त्यांचं मराठी ऐकलं की मला जुनी पोथी उघडल्यासारखं वाटे, फक्त चाल तमिळ. वाक्याच्या शेवटी सूर असा वर जायचा की साधं "जेविलीस का" विचारलं तरी भांडण काढतायत की काय असं वाटावं. जेवढी पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी तेवढीच तमिळ, घराणं मराठी राजांच्या काळात तिकडे गेलेलं. हिशेब मात्र इंग्रजीत.

पुस्तकं लावायची त्यांची पद्धत बघून मी डोक्याला हात लावला. लेखक नाही, विषय नाही, भाषासुद्धा नाही. लोकांनी काय सांगितलं त्याप्रमाणे फळ्या. दवाखान्यात ताटकळायला लागतं तेव्हाची एक फळी होती. सासूसमोर उघडी वाचता येतील अशांची एक. एका कोपऱ्यात फक्त भांडून आलेल्या माणसांना द्यायची पुस्तकं, त्यात एक रहस्यकथा, एक भगवद्‍भक्तीचं आणि एक मोपेड दुरुस्तीचं. मी विचारलं, "मोपेड दुरुस्तीनं भांडण कसं मिटतं?" तर म्हणाल्या, "मिटत नाहीं गे. पण सुटें केलेलें पुन्हा जोडतां येतें, हें चित्रांत दिसतें. त्यानें बरें वाटतें, असें एकानें सांगिटलें."

येणारी माणसंही तशीच. भाताच्या गिरणीतले एक मुकादम वर्षानुवर्षं एकच इंग्रजी पुस्तक नेत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यात आगगाडीच्या मार्गांचे नकाशे होते आणि त्यांच्या मुलाचं बिऱ्हाड कुठल्या रेघेवर आहे ते बोटानं दाखवता येई. एक निवृत्त पोस्टमास्तर जाडच पुस्तक मागायचे, कारण पातळ पुस्तक वाचताना सुना मधे बोलतात, जाड बघितलं की गप्प राहतात. एका नव्या नवरीला पाककृतींची पुस्तकं लागत, आणि स्वयंपाकघरात ती पाऊलही टाकत नसे. मी हसले, तेव्हा अक्का माझ्यावर डाफरल्या. "हंसूं नको. भूक काय पोटासच लागते?"

मी रोज सकाळी जायला लागले आणि रोज भांडायला लागले. माझं म्हणणं एकच. मराठीची एवढी कपाटं भरलेली, देवनागरीत छापलेली, एकाहून एक ग्रंथ, आणि कुणी हात लावत नाही! कित्येकांची छापखान्यातून आलेली जोडपानंसुद्धा कुणी कापलेली नव्हती. "तुमच्या लोकांना मराठीची कदरच नाही," मी एकदा तावातावानं बोलले. अक्का एका फाटक्या पुस्तकाला दोरा घालत होत्या. त्यांनी सुई तोंडात धरली आणि "हूं" एवढंच म्हटलं. त्या वेळी दारात दोन बायका उभ्या होत्या, खालच्या फळीवरच्या जुन्या वह्यांपैकी एकेक घेऊन निघालेल्या. तशा वह्या नेहमीच कुणी ना कुणी नेत असे. हाताने लिहिलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, आणि सगळं तमिळ. भजनं असतील, नाहीतर औषधाचे काढे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

तिसऱ्या वर्षी वाचनालयावर गंडांतर आलं. अक्कांचे धाकटे दीर तुकोजीराव घराचे कर्ते होते, आणि तिथल्या मराठी कुटुंबांच्या मंडळाचे अध्यक्षही. गल्लीत केबल आली होती. केबलवाल्याला रस्त्याकडची खोली हवी होती आणि तुकोजीरावांनी ती द्यायची कबूल केली होती. माणूस वाईट नव्हता. मंडळाच्या हॉलमध्ये दोन कपाटं वाचनालयाला देतो म्हणाले, पोंगलच्या आत हलवा. अट एकच की दोन कपाटांत दर्जेदार तेवढंच राहील, रद्दी नाही. दर्जा ठरवणार कोण? तर "ह्या नाशिकच्या एम.ए. बाई." मी आतून फुलले. खोटं कशाला सांगू.

अक्का दोन दिवस नुसत्या फळ्या पुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दोन तर दोन. वाचनालय मोडूं देणार नाहीं मी. कपाट असो, पेटी असो, सूप असो. चालवीन." तेवढ्यात कुंभकोणमला त्यांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना दहा दिवस तिकडे जावं लागलं. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "काढावयाचें तें काढ. पण कोणतेंही काढण्यापूर्वीं, जो नेतो त्यास विचार. पुस्तकाकडे पाहूं नको. नेणाराकडे पाहा."

मी मान डोलवली. आणि मग कुणालाही विचारलं नाही. एम.ए.ला काय विचारायचंय मुकादमांना? पदर खोचून कामाला लागले. धूळ झटकली, देवनागरी ग्रंथांना नवे पुठ्ठे घातले, लेखकवार लावले. रहस्यकथा बाहेर, ज्योतिष बाहेर, मोपेड बाहेर. एक कादंबरी होती, तिला ना कव्हर ना पहिली पानं ना लेखकाचं नाव. कुण्या नावाड्याच्या मुलीची रडकथा दिसली, तीही बाहेर. आणि खालची फळी, त्या वह्या, सत्तेचाळीस होत्या. एक उघडली, तमिळ. दुसरी, तमिळ. सायकलवर जुनी रद्दी घेणारा आला, त्याच्या तराजूत मी त्या आणि ती बिनकव्हरची कादंबरी स्वतःच्या हातानं घातली; बाकीचा ढीग तो पुढच्या खेपेला नेणार होता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "आज पहिल्यांदा त्या खोलीत मराठीला जागा झाली."

अक्का परतल्या त्या शनिवारी मी मुद्दाम तिथे होते, कौतुक करून घ्यायला. त्या आल्या, चपला काढल्या, कपाटांकडे पाहिलं. मग खाली उकिडव्या बसल्या आणि रिकाम्या फळीवरून हात फिरवला.

"येथचीं नोट्टुं?"

नोट्टु म्हणजे वही. बोललेलं तमिळ मला एव्हाना समजत होतं, वाचता मात्र येत नव्हतं. म्हटलं, "ती तमिळ रद्दी? दिली की."

त्या उत्तर देण्याआधीच जानकी आली. जानकी इस्पितळात नर्स होती, रोज पापनाशमहून बसनं यायची. तिशीची, चटपटीत. मराठी सगळं समजायचं, पण बोलायची तमिळच, आमच्याशी फार तर "हो" आणि "नको." तिच्या हातात तशीच एक वही होती. ती अक्कांना तमिळमध्ये म्हणाली, "ही संपली. आई विचारतेय, मुलगी नावेत बसली, पुढे काय? दुसरी वही द्या." जानकीची आई अंथरुणाला खिळलेली होती, डोळे गेलेले. जानकी रोज संध्याकाळी तिला अर्धा तास वाचून दाखवायची.

अक्कांनी जानकीच्या हातातली वही घेतली, उघडली आणि मला वाचून दाखवली. "नदीस पूर आला होता आणि पैलतीर दिसत नव्हतें..." मी ऐकत राहिले. कागदावर तमिळ, आणि अक्कांच्या तोंडून येत होतं ते स्वच्छ मराठी.

"अक्षर तमिळ, गे," अक्का म्हणाल्या. "भाषा आपली."

मग सगळं कळलं. ह्या लोकांच्या घरात मराठी बोलतात, पण शाळा तमिळ. देवनागरी वाचणारं गल्लीत अक्कांशिवाय जवळपास कुणी नव्हतं. म्हणून अक्कांच्या सासूबाईंच्या काळापासून दर शुक्रवारी दुपारी बायका जमत. अक्का छापील पुस्तकातून मोठ्यानं वाचत, आणि ज्यांना लिहिता येई त्या आपल्या अक्षरांत उतरवून घेत. तमिळमध्ये क, ख, ग, घ सगळ्यांना मिळून एकच अक्षर, तरी कुणाचं अडत नसे. कानांना माहीत होतं. पंचवीस-तीस वर्षं हे चाललं, मग टीव्ही आले आणि शुक्रवार थांबले. पण वह्या फिरत राहिल्या. कपाटातले ग्रंथ मुके होते. गावाची मराठी खालच्या फळीवर होती, आणि मराठीला जागा करायला म्हणून मी नेमकी तीच रद्दीत घातली होती. घातली त्या दिवशी पेढे वाटायचेच काय ते राहिले होते!

मला रडू कोसळलं. जानकीनं पाणी आणून दिलं. अक्का तशाच उभ्या. "रडूं नको. रडल्यानें नोट्टु परत येत नाहीं. चप्पल घाल."

रद्दीवाल्याच्या दुकानात कळलं, माल पुढे गेला. कुठे? कालव्यापलीकडच्या एका खेड्यात, पुड्या करणाऱ्या बायकांकडे. शेंगदाणे, उकडलेल्या हरभऱ्याचं सुंडल, जिरं, सगळ्याला पुड्या लागतात. आम्ही बस पकडली, मग बांधावरून चालत गेलो. ऊन डोक्यावर आलं होतं. मी दोनदा म्हटलं, "अक्का, बसा जरा." त्यांनी छत्री उघडली नाही की पाऊल हळू केलं नाही. "तिकडे कातर चालूं असेल," एवढंच.

कातर चालूच होती. एका छपरात पाच-सहा बायका खळीचा डबा मधे ठेवून पुड्या चिकटवत होत्या. अक्कांनी त्यांना हात जोडले, तमिळमध्ये सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. "चूक जाहली," एवढंच म्हणाल्या. बायकांनी ढीग उपसून दिला. एकोणतीस वह्या अखंड सापडल्या. काहींच्या पुड्या झालेल्या. त्या अक्कांनी बादलीतल्या पाण्यात बुडवून एकेक सोडवल्या आणि पानं गवतावर वाळत घातली. नावाड्याच्या मुलीची दुसरी वही मात्र नव्हती. ती छापील कादंबरीही नव्हती. दोन्ही मीच दिलेली.

निघताना त्यांतली एक बाई घुटमळली. तिनं एक वही पदराखाली ठेवून घेतली होती. लाजत म्हणाली, "ही मी कापली नाही. अक्षरं आमची, पण शब्द कुठलेच कळत नाहीत. पोराला वाचून दाखवते, तो पोट धरून हसतो. ताप आला होता त्याला, तेव्हापासून हेच वाच म्हणतो." तिनं वही पुढे केली. मी झटकन हात पुढे केला. अक्कांनी माझा हात मागे सारला आणि तिला तिच्या भाषेत म्हणाल्या, "राहूं दे तुजपाशीं. पोराचें हंसणें संपलें कीं आणून दे." आणि पिशवीतून कागद काढून तिचं नाव वाचकांत लिहून घेतलं! ज्या वह्या शोधायला निघालो, त्यांतलीच एक अक्का पुन्हा उसनी देऊन आल्या. बसमध्ये मी बोलले, "अहो, एवढ्या मुश्किलीनं एक सापडली ती—" अक्कांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. "आपलें काम वाचक सोडविण्याचें नव्हे, धरण्याचें."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर हिंडल्या. शुक्रवारी यायचं, सगळ्यांनी. ज्या बायकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती गोष्ट ऐकली, लिहिली, त्या नऊ जणी आल्या. कुणाचे दात गेलेले, कुणाचे गुडघे. खोलीत केबलवाल्याच्या वायरची भेंडोळी आधीच येऊन पडली होती. त्यांच्यावरच दोघी बसल्या. अक्का म्हणाल्या, "गोष्ट गेली. पण तुम्ही आहांत. मुलगी नावेंत बसली. पुढें सांगा." जानकी सुट्टी काढून लिहायला बसली.

आणि काय कल्ला झाला! एकीला मुलीच्या साडीचा रंग आठवत होता, काठासकट. पण ती कुठे गेली ते आठवत नव्हतं. एकीला पैलतीरावरच्या घरी तिला जेवायला काय वाढलं ते पानातल्या डाव्या-उजव्यासकट पाठ. तिसरीला सासूचं एक लांबलचक बोलणं अक्षरन्‌अक्षर येत होतं, कारण स्वतःच्या सासूला तसं एकदा ऐकवायचं तिनं ठरवलं होतं आणि ते राहून गेलं होतं. एक म्हातारी नुसती म्हणाली, "तो नदीचा थंड वारा. माझ्या घरीं तेव्हां खिडकी नव्हती." मला राहवेना. म्हटलं, "अहो, पण कथानक? मुलीनं घर का सोडलं ते तरी—"

"तूं गप," अक्का म्हणाल्या. "तूं टाकणारी. ह्या ठेवणाऱ्या."

लागलं मला ते, चांगलंच लागलं. पण खरं होतं. मी तीन वर्षांत किती ग्रंथ वाचले होते, आणि त्यांतला वारा सोडा, एक वाक्य मला आठवत नव्हतं.

असे तीन शुक्रवार गेले. मधेच तुकोजीराव आले, वह्यांचा ढीग पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वहिनी, मंडळाच्या हॉलांत हें शोभणार नाहीं. पाहुणे येतात. ग्रंथ ठेवा, हें नको."

"मग कपाटें नकोत मज," अक्का म्हणाल्या.

"आणि हें कोठें ठेवाल? पोंगलास चार दिवस उरले."

"जेथें वाचतात तेथें."

मला वाटलं, रागानं बोलल्या. नाही! चार दिवसांत अक्कांनी सगळं वाचनालय वाटून टाकलं. झोपेची फळी पोस्टमास्तरांकडे, दवाखान्याची जानकीच्या इस्पितळातल्या एका खोलीत, सासूसमोरची एका सासूकडेच. मुकादमांकडे नकाशे, आणि मोपेडचं पुस्तकसुद्धा, तेही त्यांनी तक्रार न करता ठेवून घेतलं. कोण कुणाकडे काय मागायला जाईल ते सगळं अक्कांच्या डोक्यात. अकरा घरं झाली. देवनागरी ग्रंथ मात्र कुणी मागेना, ते माझ्या घरी आले, कारण अक्कांखेरीज ते वाचणारी मीच एक. अक्का दर मंगळवारी अकरा घरी फेरी मारत, दारात उभ्या राहून विचारत, भांडत. "वाचनालय मोडलं" असं कुणी म्हटलं की खवळायच्या. "मोडलें कोठें? मोठें जाहलें. पूर्वीं एक दार होतें."

गोष्ट जुळली, पण शेवट जुळेना. चार जणी म्हणत, मुलगी बापाकडे परत आली. तिघी शपथेवर सांगत, आली नाही, पैलतीरीच राहिली. दोघींच्या मते नाव बुडाली. अक्कांनाही नक्की आठवेना. त्यांनी तिन्ही शेवट लिहून घेतले आणि म्हणाल्या, "जिला ऐकायचें आहे तीच ठरवील." पोंगलनंतरच्या रविवारी आम्ही दोघी जानकीबरोबर पापनाशमला गेलो. मी का गेले? माफी मागायला. त्या आंधळ्या म्हातारीची गोष्ट मी पुड्यांत घातली होती.

खाटेवर मूठभर देह, पांढरे केस मोकळे. मी पाया पडले, म्हटलं, "आजी, तुमची वही माझ्यामुळे गेली. ही नवी केलीय, पण शेवट पक्का सापडला नाही. तीन आहेत. तुम्हाला आवडेल तो खरा."

म्हातारीनं हातानं वही चाचपली. मग तिचं बोळकं हसलं. "शेवट मज ठाऊक आहे. ती परत येत नाहीं. आम्ही तंजावुरांत राहात होतों तेव्हां. त्या शुक्रवारीं मीही तेथें होतें गे. ती वही माझ्याच हातची होती."

अक्कांच्या तोंडून "अय्यो, भागीरथी, तुझें होय तें अक्षर!" एवढंच निघालं. मी विचारलं, "मग शेवट माहीत असताना ऐकायचं कशाला, आजी?"

जानकी आत चहा टाकत होती. म्हातारीनं आवाज खाली आणला. "माझी मुलगी दिवसभर तमिळ बोलते. मजशींही तमिळच. येत नाहीं म्हणते, लाजते. तें वाचते तेवढा अर्धा तास ती माझ्या भाषेंत बोलते. तिच्या तोंडून ऐकतें. गोष्ट काय, कोणतीही चालेल. वही लांब असावी."

अक्कांनी मान फिरवली. चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या. जानकी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिन्ही शेवट तिच्या पुढ्यात ठेवले आणि दटावून म्हणाल्या, "तिन्ही वाच. सावकाश वाच. आणि हें संपेपर्यंत दुसरें लिहून ठेवूं आम्ही." त्या दिवसापासून शुक्रवार पुन्हा सुरू झाले, माझ्या बैठकीच्या खोलीत. छापील पुस्तक हातात घेऊन वाचणारी मी. पहिल्या दिवशीच बायकांनी मला थांबवलं. "हळू वाच गे, आम्हांस लिहायचें आहे, ही काय एक्सप्रेस?" माझं एम.ए. खरं सांगायचं तर त्या खोलीत पुरं झालं.

दोन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली. स्टेशनवर अक्का आल्या नाहीत. मंगळवार होता, फेरीचा दिवस. निरोप मात्र आदल्या दिवशीच आला होता, घरातल्या देवनागरी पुस्तकांतली निम्मी ठेवून जा, अजून उतरवायची आहेत. मी सगळी ठेवून आले.

पुढे पत्रं येत राहिली, तमिळ अक्षरांत. ती वाचता यावीत म्हणून मी नाशिकला येऊन तमिळ अक्षरं शिकले. शेजारणी हसायच्या. जानकीची आई गेल्याचं अक्कांनीच कळवलं. मला वाटलं, चला, आता त्या घरातली मराठी संपली. तिला कशाला लागेल वही?

मग एका सकाळी एसटीडीचा फोन आला. ओळखीचा आवाज, पण भाषा ओळखता येईना. जुनी, जडशी, वहीतून उचललेली, आता कुणी कुठे बोलत नाही अशी मराठी. "मी जानकी बोलतें. अक्कांनीं आज प्रातःकाळीं देह ठेविला. मंगळवारीं फेरीहून आल्या त्या निजूनच होत्या, पाणी मागितलें आणि गेल्या. तुम्हांस प्रथम कळवितें."

मी रडले. जिनं माझ्याशी जन्मात "हो" आणि "नको" ह्यापलीकडे मराठी शब्द उच्चारला नव्हता, ती न अडखळता, न लाजता बोलत होती. थोड्या वेळानं मी विचारलं, "वह्या कुठे आहेत गं?"

"मजपाशीं," जानकी म्हणाली. "सगळ्या. उद्यां शुक्रवार आहे. बायका यावयाच्या आहेत. मी वाचणार आहें."